मेडिकलमध्ये आधार, चौकात मोबाईल तपासणी: हे चालू द्यायचं का?

बावड्याची लेक
काल तालीमवाले आबांनी लिहिलं: झोपेच्या, नशेच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाचं आधार मेडिकलमध्ये नोंदवा, ती यादी पोलिसांकडं द्या, आणि चौकात पोरांचे मोबाईल उघडून बघायची मुभा पोलिसांना द्या. मनात पाप नाही त्याला भीती कसली, असंही वर विचारलंय.

आबा, भीती कसली ते सांगते. 2011 ला माझ्या वडिलांना जबड्याचा कॅन्सर होता. शेवटी मॉर्फीनशिवाय दुखणं थांबेना. औषधावर बंदी नव्हती. पण 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली ते ठेवायचं म्हणजे इतके परवाने आणि चूक झाली तर तुरुंग, की बरीच रुग्णालयं ते ठेवतच नव्हती. आम्ही भावंडं गावभर फिरलो. वडील दाखल होते तिथले डॉक्टर म्हणाले, ती झंझट आम्हाला नको. माणूस रात्ररात्र ओरडत गेला. 2014 ला संसदेनं कायदा बदलून परवान्यांचा जाच कमी केला, तोवर आमचं सगळं संपलं होतं. नशेखोराला अडवायला केलेला कायदा आधी आजाऱ्याला अडवतो.

आणि नोंद होत नाही असं कुठंय? शेड्यूल एच-1 च्या, म्हणजे झोपेच्या गोळ्यांसारख्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांना वेगळं रजिस्टर असतंच: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं. ते औषध निरीक्षकानं तपासावं, माझी ना नाही. पण झोपेची गोळी घेणाऱ्या सुनेचं नाव पोलीस ठाण्यात कशाला? आपल्या कोल्हापुरात कोण कुणाचा पाव्हणा नाही? आठवड्यात सासरी पोचेल.

तालीमवाले आबा
पोरी, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आता माझ्या पुतण्याचं ऐक. जिमला जाणारं पोरगं. मेफेंटरमाईन, ऑपरेशनमध्ये रक्तदाब पडला की देतात ते इंजेक्शन, ही पोरं ताकद येते म्हणून टोचून घेतात. ना चिठ्ठी, ना नोंद. भावानं त्याचा मोबाईल वेळेत बघितला असता तर पोरगं आज अंथरुणाला खिळलं नसतं. तुझं ते खासगीपण माझ्या वहिनीला येऊन समजाव.

राजारामपुरीतला केमिस्ट
आबा, असला माल आता पार्सलनं घरपोच येतोय. ई-फार्मसीच्या, म्हणजे ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा 2018 ला निघाला, पुढं सरकलाच नाही. आम्ही फार्मासिस्ट उभा करायचा, रजिस्टर लिहायचं, निरीक्षकापुढं हात जोडायचे. आता आधारही आम्हीच गोळा करायचं?

शाहूपुरीतला वकील
मोबाईलचं बोलतो. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादेत पोलिसांनी रस्त्यात माणसं थांबवून त्यांच्या चॅटमध्ये 'गांजा' शोधला होता. अंगझडती घेतानासुद्धा एनडीपीएसचं कलम 50 सांगतं, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुमचा हक्क आहे. मोबाईलमध्ये तर अख्खा माणूस असतो. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण मूलभूत हक्क ठरवलं. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि उपाय त्या कारणाच्या प्रमाणात हवा.

गुजरीकर
प्रमाणाचं निघालंच आहे तर जून 2023 ची आपल्याकडची दंगल आठवा. मोबाईलवर आक्षेपार्ह स्टेटस दोघाचौघांनी ठेवलं, दगड शे-दोनशे जणांनी मारले, नेट बंद अख्ख्या जिल्ह्याचं! माझी मुलगी कॉलेजला अडकलेली, गिऱ्हाईक दुकानात उभं, पैसे देता येईनात.

तालीमवाले आबा
दुकानाचं काय सांगतोस? त्या दिवशी नेट चालू राहिलं असतं तर दुकानच राहिलं नसतं. मी चौकात होतो. एकेक मेसेज आला की जमाव वाढत होता.

गुजरीकर
नेट बंद व्हायच्या आधीच दगड पडले होते. नंतर घरात बसलेल्यांना नुसत्या अफवा ऐकाव्या लागल्या, खरं-खोटं तपासायला काही नाही.

तालीमवाले आबा
म्हणजे दंगल झाली तरी चालेल, पण तुमचं पेमेंट थांबायला नको.

गुजरीकर
आबा, तोंड सांभाळून बोला. माझ्या शेजाऱ्याचं दुकान फुटलंय. काचा आम्ही गोळा केल्या.

शाहूपुरीतला वकील
दोघंही थांबा. काश्मीरच्या नेटबंदीवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 ला दिलेल्या अनुराधा भसीन निकालात स्पष्ट आहे: नेटबंदीचा आदेश जाहीर करावा लागतो, बेमुदत चालत नाही आणि त्याला कोर्टात आव्हान देता येतं. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. पुढच्या वेळी आदेशाची प्रत मागा. मी फुकट अर्ज करून देतो.

गुजरीकर
मागणार. एका दिवसाची बंदी मला समजते. कुणी, का आणि कधीपर्यंत केली हे न सांगणं समजत नाही.

बावड्याची लेक
आबा, पुतण्यावर परत येते. पोलिसांचा धाक वाढला की पोरं डॉक्टरपुढंही तोंड उघडत नाहीत. एनडीपीएसमध्येच कलम 64-ए आहे: व्यसनी माणूस थोड्या मालासह सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर खटल्यातून सूट मिळते. हे किती आईबापांना माहीत आहे? चौकात मोबाईल हिसकावण्यापेक्षा हे प्रत्येक तालमीत, प्रत्येक जिममध्ये लावा.

तालीमवाले आबा
आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. तालमीत लावतो, तेवढं तुझं ऐकतो. आधारचंही सोडतो, रजिस्टर नीट तपासलं तर पुरे. पण पोरांचा मोबाईल बघायलाच पाहिजे, त्यावर मी हटणार नाही.

बावड्याची लेक
बापानं बघू दे. संशयाचं कारण कागदावर लिहिल्याशिवाय पोलिसानं बघायचा नाही.

तालीमवाले आबा
कागद लिहीपर्यंत माल गायब होतो.

राजारामपुरीतला केमिस्ट
आणि पार्सल? ते कोण तपासणार, यावर अजून कुणीच बोललं नाही.