सांधे दुखतात पण रिपोर्ट सगळे नॉर्मल, आता कोणाला दाखवू?

हूक_आणि_काज:
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी लिहितेच. वय ३९, राहणार बार्शी, घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवते. गेले आठ महिने बोटं दुखतायत. सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही, कात्रीच्या कड्यात अंगठा घालायचा म्हणजे डोळ्यांत पाणी, दहा-साडेदहाला हात जरा सैल होतात मग काम सुरू, तोवर गिऱ्हाईक दारात येऊन बसलेलं असतं. वाटलं शिलाईमुळेच असणार, म्हणून मशीनला मोटर बसवली, काम बंद ठेवून पंधरा दिवस माहेरी राहिले तर तिथे काडी इकडची तिकडे न करता उलट जास्तच दुखलं!

फॅमिली डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी असेल. मग डी व्हिटॅमिन कमी निघालं, त्याच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक अशा ८ घेतल्या, फरक शून्य. मग हाडांच्या डॉक्टरांनी हाताचा एक्सरे काढला, नॉर्मल. आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. अंगात सूज आहे का ते सांगणारा ईएसआर तेवढा जास्त, ४२ आला होता, त्यावर कोणी काही बोललं नाही. शेवटचे जे होते ते म्हणाले ताई टेन्शन घेऊ नका, कामाच्या बायकांना होतंच. आता घरचेही तेच म्हणतात. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्या पाटावरून टुणकन उठतात आणि मी भिंत धरून.

कोणाला असा अनुभव आहे का? एमआरआय करून टाकू का एकदाचा?

पिंपरीकर:
ताई, दुखणं सुरू व्हायच्या आधी ताप आला होता का? मला २०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला, ताप चार दिवसांत गेला पण घोटे आणि मनगटं पुढे सात महिने. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा जिन्याचा कठडा धरून उतरणारे पाच-सहा जण होते, लिफ्ट बंद पडली की सगळ्यांची तिथेच भेट.

हूक_आणि_काज:
नाही दादा, ताप वगैरे काहीच नाही. हळूहळूच सुरू झालं, आधी उजव्या हाताचं मधलं बोट, मग डावं मनगट.

सुमनकाकू:
अगं निर्गुडीचा पाला गरम करून शेक दे, आणि रात्रीचं दही, वांगं बंद कर. आमच्या ह्यांचे गुडघे धरले होते तर एका वैदूकडची पुडी आणली, तिसऱ्या दिवशी माणूस चालायला लागला. दीड वर्ष झालं, अजून घेतात. पाहिजे तर पत्ता देते.

शनिवारची_गोळी:
काकू, शेकाबद्दल काही म्हणणं नाही पण तीन दिवसांत चालायला लावणाऱ्या पुडीची मला भीती वाटते. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. माझ्या चुलत्यांचं तसंच झालं, चेहरा पुरणपोळीसारखा फुगला, सगळे म्हणायचे तब्येत सुधारली! काकांची शुगर आणि बीपी एकदा बघून घ्या, खरंच.

आता हूक ताई, तुमच्याकडे वळते. मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, ११ वर्षं झाली, त्यातलं पहिलं दीड वर्ष मीही तुमच्यासारखीच फाईल घेऊन फिरले. एमआरआय स्वतःच्या मनाने करू नका. तुम्हाला संधिवात तज्ज्ञ पाहिजे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर वेगळे, ते मोडलेलं, झिजलेलं बघतात, ऑपरेशन करतात. हे मेडिसिनवाले असतात, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते ते आजार हे बघतात. बार्शीत नसतील तर सोलापूरला चौकशी करा, नाहीतर पुण्याला भरपूर आहेत.

आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही. आमवात असलेल्या साधारण चार-पाच जणांत एकाचा तो निगेटिव्हच येतो, आणि काही ठणठणीत माणसांचा पॉझिटिव्ह. आमवाताची दुसरी रक्ततपासणी, अँटी सीसीपी, केली का? आणि सूज दाखवणारी सीआरपी? सुरुवातीला एक्सरे नॉर्मल येणं तर अगदी कॉमन, आजाराला हाड खायला वेळ लागतो आणि आपल्याला त्याच्या आधी पोचायचं असतं.

घाटावरचा_फिजिओ:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत आणि ती रिपोर्टमधली नाहीत. एक म्हणजे सकाळचा आखडलेपणा दहा-साडेदहापर्यंत राहतो, दुसरं म्हणजे आराम केल्यावर जास्त दुखलं. झिजेचं किंवा जास्त कामाचं दुखणं सहसा उलटं वागतं, कामाने वाढतं, बसलं की बरं वाटतं, आणि सकाळी दहा-पंधरा मिनिटांत मोकळं होतं. तासाभरापेक्षा जास्त वेळ हात आखडलेले राहत असतील आणि सूजही असेल तर ते थकवा नि वय म्हणून सोडून द्यायचं नाही.

हेही खरं की नाव न लागणारं दुखणं खूप जणांना असतं. आपण उजनीचे फ्लेमिंगो बघायला जातो ना, त्या भिगवणला १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. दुखतंय म्हणणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं स्नायूंचं नाहीतर धड नाव न देता येणारं निघालं, आमवात फार थोड्यांना. म्हणून डॉक्टर आधी 'काही नाही' म्हणतात ते अगदीच हवेतून नसतं. पण तुमची लक्षणं त्यात बसवायच्या आधी कोणीतरी बोटं दाबून बघायला हवी होती. बघितली का कोणी?

अजून काही विचारतो, विचित्र वाटेल. टाच दुखते का? नखांवर बारीक खड्डे आहेत का? डोक्यात न जाणारा कोंडा? घरात कोणाला सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे येतात तो आजार?

हूक_आणि_काज:
बोटं कोणीच दाबली नाहीत, सगळे रिपोर्टच बघत होते. टाच तर दोन वर्षं दुखते, त्याला मऊ चपला घेतल्यात. कोंडा आहेच की, कानामागेपण, शाम्पू बदलून थकले, पण कोंड्याचा आणि बोटांचा काय संबंध? नखांवर खड्डे आहेत खरे, मला वाटलं सुईमुळे. आईच्या कोपरावर चट्टे होते, आम्ही गजकर्ण समजायचो.

घाटावरचा_फिजिओ:
संबंध असू शकतो, सोरायसिस सांध्यांतही उतरतो. हे चारही रुमॅटॉलॉजिस्टना सांगाच, त्यांनी विचारलं नाही तरी. सूज येईल त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकी सूज पळते. आणि तोवर कोणी स्टिरॉइड दिलं तर घेऊ नका, सगळं दबून जातं आणि डॉक्टरांना दिसत काहीच नाही.

शनिवारची_गोळी:
मला हे कोंड्याचं माहीतच नव्हतं. आत्ता नवऱ्याची नखं बघून आले.

हूक_आणि_काज:
पाच आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला, लग्नसराई होती. पुण्याला जाऊन आले. रुमॅटॉलॉजिस्ट बाईंनी आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं, मग एकेक बोट दाबलं, केसांत बॅटरी मारून बघितलं, चपला काढायला लावल्या. पायाचं एक बोट आख्खंच्या आख्खं सुजलेलं होतं, मी इतके दिवस चपलेला शिव्या देत होते! सोनोग्राफीत हाताच्या सांध्यांत सूज दिसली, सीआरपी वाढलेला, अँटी सीसीपी निगेटिव्ह. फाईलवर सोरायसिसचा संधिवात असं लिहिलंय पण पुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या म्हणाल्या एका टेस्टने हे सिद्ध होत नाही, औषधाला शरीर काय म्हणतं ते बघत ठरवू. मला ते प्रश्नचिन्हसुद्धा बरं वाटलं, 'काही नाही' पेक्षा. रिक्षात बसून रडले थोडी.

मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी) सुरू केलंय, त्याआधी लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी सगळं तपासलं. अजून फारसा फरक नाही, दोन-तीन महिने धीर धरा म्हणाल्यात. कात्रीच्या कड्यांना अस्तराची पट्टी गुंडाळलीय, पकड जाड झाली, तेवढंच बरं पडतं.

शनिवारची_गोळी:
आठवड्यातून एकदाच हां ती गोळी! रोज घेतली तर जिवावर बेतते, लोक चुकतात. वार ठरवून कॅलेंडरवर गोल करा, आणि फॉलिक ॲसिड त्या सांगतील तसं. माझं नाव त्यावरूनच आहे.

हूक_आणि_काज:
माझा बुधवार. शनिवारी बाजार असतो.

सुमनकाकू:
इथे वाचून ह्यांची शुगर तपासली. उपाशीपोटी २६०. आधी कधी नव्हती गं. पुडी आजपासूनच बंद करते.

शनिवारची_गोळी:
काकू थांबा, एकदम बंद करू नका! त्यात स्टिरॉइड असेल तर अचानक थांबवल्याने अंगावर येतं. पुडी तशीच्या तशी कागदासकट उद्या डॉक्टरांकडे न्या, दीड वर्ष चालू आहे हेही सांगा. ते ठरवतील कशी कमी करायची.

सुमनकाकू:
बरं. सकाळीच नेते. ह्यांना नाही सांगितलं अजून, चिडतील.