रिंग जनरल म्हणजे नक्की कोण? हॅग्लर-लेनर्ड बघून डोकं फिरलंय

आडवा_जॅब

काल रात्री बॉक्सिंगची हॅग्लर-लेनर्ड बाउट (६ एप्रिल १९८७) तिसऱ्यांदा बघितली. बारा राउंड हॅग्लर पुढे सरकतोय, लेनर्ड मागे मागे गोल फिरतोय, आणि बेल्ट गेला लेनर्डकडे. एका जजने ११५-११३ गुणांनी हॅग्लर दिलं, दुसऱ्याने तेच आकडे लेनर्डला, आणि तिसऱ्याने चक्क ११८-११० लेनर्ड!

प्रोफेशनल बाउटमध्ये जज चार गोष्टी बघतात म्हणे: स्वच्छ बसलेले पंच, कामी आलेलं आक्रमण, बचाव आणि रिंग जनरलशिप. पहिल्या तीन मला दिसतात. चौथी म्हणजे काय रे भाऊ? जो रिंगच्या मधोमध उभा तो जनरल, असं असेल तर दोरांना टेकून फोरमनला हरवणारा अली कोण?

खणखणीत_हुक

मधला भाग ज्याचा, बाउट त्याची. हॅग्लरला लुटलं. विषय संपला.

कोपऱ्यातलं_स्टूल

हुकराव, विषय एवढ्यात संपत नाही. मी काही वर्षं हौशी बॉक्सिंग केलं, आता पोरांना शिकवतो. माझीच एक फजिती सांगतो.

एकोणीस वर्षांचा होतो, पाय जोरात चालायचे आणि त्याचा माज होता. कोचने एका छत्तिशीतल्या सीनियरसमोर स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) उभं केलं. त्याचं पोट सुटलेलं, पायात जान नाही. मी मनात म्हटलं, याला नाचवतो. तीन राउंड मी त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलो. तो मधोमध. मी चार पावलं टाकली की तो टाच वळवून अर्धं पाऊल टाकायचा आणि पुन्हा माझ्यासमोर. डावीकडे निघालो की त्याचा पुढचा पाय आधीच तिथे. मारलं फारसं नाही त्याने. मी थांबलो की एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), दम घ्यायला लागलो की एक जॅब. तिसऱ्या राउंडला माझा गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) छातीपर्यंत खाली आला होता आणि तो नाकाने श्वास घेत होता! खाली उतरल्यावर कोच एवढंच म्हणाले, "तू त्याला नाचवत होतास की तो तुला?"

तेव्हापासून मी बाउट बघताना ग्लोव्हकडे नंतर बघतो, आधी पायांकडे. कोण कोणाला उत्तर देतोय? एकाने पाऊल टाकलं म्हणून दुसऱ्याला टाकावं लागतंय का? मधोमध उभं राहणाऱ्याला कमी चालावं लागतं हे खरं, पण मधोमध उभा राहूनही माणूस दुसऱ्याच्या तालावर नाचू शकतो.

हॅग्लरचं तेच झालं. तो लेनर्डच्या मागे गेला, वाट अडवली नाही. समोरचा डावीकडे निघाला तर तुम्ही तिरकं पाऊल टाकून त्याच्या आधी तिथे पोचायचं, म्हणजे तो कोपऱ्याकडे ढकलला जातो. सरळ त्याच्या मागून चालत राहिलात तर नुसती वरात. त्यात हॅग्लर जातीचा साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे ठेवून डावखुऱ्यासारखा उभा राहणारा), आणि सुरुवातीचे राउंड उजव्या हाताच्या माणसासारखा उभा राहून घालवले. का, देव जाणे. लेनर्ड राउंड संपत आला की झटापट सुरू करायचा, घंटेच्या जरा आधी. त्या पंचांत जोर कमी होता, पण वेळ त्याने ठरवलेली. जज काय लक्षात ठेवणार? ११८-११० मात्र मलाही पटत नाही. माझ्या हिशेबाने एखाद्या राउंडचा फरक.

अंतर आणि वेग हातात ठेवणं बघायचं तर हॉपकिन्स-पॅव्हलिक (२००८) बघा. हॉपकिन्स ४३ वर्षांचा, समोर २६ वर्षांचा, तोवर एकदाही न हरलेला पोरगा. पॅव्हलिकचा सगळा भरवसा उजव्या हातावर, आणि तो हात सोडायला लागतं तेवढं अंतर हॉपकिन्स त्याला मिळूच देत नाही. आत शिरला, एक-दोन मारले, मिठी. रटाळ वाटेल, पण बारा राउंड पोरगा आपला पंच शोधत राहिला.

खणखणीत_हुक

मिठ्या मारणं ही जनरलशिप असेल तर मी लुडो बघतो. बाकी पायांचं पटलं. उसिक-फ्युरीतही (मे २०२४) लहान अंगाचा उसिक त्या पहाडाला मागे रेटत होता. साउथपॉ असल्यामुळे त्याचा पुढचा पाय फ्युरीच्या पायाच्या बाहेर गेला की डाव्या हाताला हनुवटीपर्यंत सरळ रस्ता. नवव्या राउंडला फ्युरी दोरांवर झुलत होता, रेफ्रीने बाउट थांबवून आकडे मोजले.

पण अलीचं उत्तर राहिलं की.

कोपऱ्यातलं_स्टूल

किन्शासा, ऑक्टोबर १९७४. अली दोरांवर गेला तो स्वतःहून. पहिल्या राउंडला पायांवर खेळून बघितलं. फोरमन वाट अडवण्यात वस्ताद, म्हणजे फिरत राहिलं तर आपणच दमणार. मग दुसऱ्यापासून टेकला, डोकं झाकलं, हातांवर मार घेतला, वर तोंडाने डिवचत राहिला. त्याच्या कोपऱ्यातले लोक ओरडत होते, दोर सोड म्हणून. फोरमन पंच मारून मारून रिकामा झाला आणि आठव्या राउंडला खाली. जागा फोरमनला हवी तशीच होती, पण काम मात्र अलीने सांगितलेलं. माझी पोरं याची नक्कल करायला गेली की मी स्पारिंग थांबवतो. बाउट उलटी गेली असती तर त्यालाच आपण वेडेपणा म्हटलं असतं.

आडवा_जॅब

आवाज बंद करून, फक्त पाय बघत हॅग्लर-लेनर्ड पुन्हा लावली. नववा राउंड! हॅग्लरने लेनर्डला कोपऱ्यात कोंडलंय. इथे कसली जनरलशिप? जिवावर उदार होऊन बाहेर पडतोय तो.

कोपऱ्यातलं_स्टूल

बरोबर पकडलंत. तिथे ठरवणारा हॅग्लरच. आता पाचवा लावा. शेवटी हॅग्लरचा अपरकट (खालून वर येणारा पंच) बसतो आणि लेनर्ड हलतो. त्याच्या आधीची काही सेकंदं परत परत बघा आणि लेनर्डचे पाय कुठे थांबले ते इथे लिहा.