सांवेरची भाजी, सालभराचा गहू आणि आपली मल्टी

सचिव (सदनिका २०४): सर्वांना नमस्कार. इंदूरजवळच्या सांवेरकडील दोन शेतकरी कुटुंबांशी बोलणे झाले. दर शनिवारी सकाळी ताजी भाजी आणि यंदाचा नवा गहू थेट आपल्या मल्टीत, म्हणजे या बहुमजली इमारतीत, पोहोचवण्यास ती तयार आहेत. मात्र त्यांची अट अशी आहे की, किमान वीस घरांनी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यावेत आणि त्या त्या आठवड्यात शेतात जे निघेल ते घ्यावे. कृपया केवळ अंगठा न दाखवता कारणांसह मत लिहावे.

४०१: माझा विरोध भाजीला नाही, अटीला आहे. चोइथराम मंडीत, म्हणजे शहराच्या घाऊक भाजीबाजारात, सकाळी लवकर गेले तर हीच भाजी निवडून आणि कमी भावात मिळते. आगाऊ पैसे देऊन ओळीने चार शनिवार गिलकीच (घोसाळीच) आली, तर ती घरात कोण खाणार, याचे उत्तर आधी मिळावे.

३०३: वहिनी, आपली शंका रास्त आहे. पण ही अट काढून टाकली तर या योजनेत घेण्यासारखे फारसे काही उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कृषी विभागात नोकरी केल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे छापलेले असते; त्या काळात औषधाचा अंश कमी होत जातो आणि भाजी खाण्यायोग्य होते. परंतु आज भाव चढला आहे आणि परवा तो कोसळेल, अशी धास्ती ज्याच्या मनात असते, तो शेतकरी परवा फवारलेली भेंडी आज तोडून मंडीत नेतो, आणि लिलावाच्या ढिगात गेल्यावर ती कोणाच्या शेतातली, हे कोणालाच सांगता येत नाही. माल आपल्याकडे ठरलेल्या दराने जाणारच आहे अशी खात्री असेल, तरच त्याला चार दिवस थांबणे परवडते. म्हणजे आगाऊ पैसे आपण स्वस्ताईसाठी देत नसून त्या थांबण्यासाठी देत आहोत. स्वस्त भाजीच हवी असेल तर मंडी उत्तम आहे, यात वाद नाही.

गिलकीबद्दल म्हणाल, तर पेरणीपूर्वीच त्यांच्यासोबत बसून काय लावायचे ते ठरवता येईल. तरीही वैशाखाच्या उन्हात पालकाची अपेक्षा ठेवू नये.

५०२: काका, म्हणजे ही भाजी जैविक आहे असे समजावे काय? माझ्या बहिणीला तसे सांगून मोकळी झाले आहे.

३०३: नाही, तसे कोणालाही सांगू नये. सरकारच्या पीजीएस-इंडिया पद्धतीत शेजारपाजारचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात, आणि रासायनिक शेतीतून जैविक शेतीकडे रूपांतराचा काळ पूर्ण झाल्यावरच पूर्ण जैविक म्हणून प्रमाणपत्र मिळते. या कुटुंबांकडे ते नाही. आपण त्यांच्याकडे एवढेच मागावे की, फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव एका वहीत लिहावे आणि ती वही दर शनिवारी सोबत आणावी. सुरुवातीला मला ही वही कोणत्याही हिरव्या शिक्क्याइतकीच मोलाची वाटते.

१०२: एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. फाटकाशी रोज येणारा आपला ठेलेवाला पावसाळ्यातही चुकत नाही, आणि सासूबाई आजारी असताना त्याने भाजी दारात आणून दिली होती. वीस घरांनी एकदम पाठ फिरवली तर त्याने काय करावे? निरोगी अन्नाची व्यवस्था उभारताना ज्यांच्यामुळे आजवर आपली चूल चालली, त्यांनाच बाहेर काढणे मला पटत नाही.

सचिव (२०४): ताई, मुद्दा मान्य आहे. कांदा, बटाटा, लसूण, आले, लिंबू आणि फळे त्याच्याकडूनच घ्यावीत आणि शनिवारच्या पिशवीत केवळ पालेभाज्या व वेलीच्या भाज्या असाव्यात, असे सुचवतो. आठवड्यातील बाकीचे दिवस तर त्याचेच आहेत.

५०२: यात ज्वारी आणि कोदो-कुटकी ही भरडधान्येही घालता येतील का?

३०३: कोदो-कुटकी डिंडोरी-मंडला भागातील पीक आहे, सांवेरहून ती मागवण्यात अर्थ नाही. ज्वारी मात्र आपल्या माळव्याचीच होती, सोयाबीन पसरल्यावर ती मागे पडली. हवी असेल तर जूनमध्ये पेरणीआधी सांगावे लागेल.

गव्हाविषयी मात्र आताच ठरवावे, कारण सालभराचा गहू भरण्याचे दिवस हेच आहेत. पोळ्यांसाठी लोकवन किंवा शरबती आणि बाफल्यांसाठी (बाटीसारख्या माळवी पदार्थासाठी) थोडा कठिया हा कडक गहू, असे घरोघरी विचारून एकत्र मागणी द्यावी. एक कळकळीची विनंती आहे की, कोठीत सल्फासच्या गोळ्या कोणीही टाकू नयेत. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जाऊ शकतो. गहू कडक उन्हात वाळवावा, पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची जुनी रीतही चालेल.

३०१: भाजी वाढली की देठे-सालीही वाढतील. त्यांचे खत आपणच करावे का? नगर निगमाची कचरागाडी तर रोज येते.

३०३: स्वयंपाकघरातील ओला कचरा गाडीतच द्यावा. देवगुराडिया येथील प्रकल्प २०२२ पासून सुरू आहे, सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती आणि त्यातून निघणारी बायो-सीएनजी शहराच्या बसगाड्यांना मिळते. तिथे जे नीट चालले आहे ते आपण गच्चीवर वास आणि माश्यांसह पुन्हा करून दाखवण्याची गरज नाही. आपला खरा दोष आवारातील पाला जाळण्याचा आहे. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासह याच शहरात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, पाला, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, पाणी शिंपडून आणि ढीग ठरावीक वेळाने उलटून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि इंदूरच्या आपल्या मल्टीत मात्र काडेपेटी निघते! मागच्या भिंतीशी एक ढीग पुरेल. शेण आणण्याची जबाबदारी माझी.

४०१: वही दर शनिवारी ग्रुपवर टाकणार असाल आणि तीन महिन्यांऐवजी आधी एका महिन्याचे पैसे घेणार असाल, तर माझे नाव लिहावे. गिलकी आठवड्याआड यावी.

सचिव (२०४): एका महिन्याबद्दल त्यांना आज संध्याकाळी विचारतो. गावाला जाणाऱ्यांनी आपली पिशवी शेजारी द्यावी, पैसे परत मागू नयेत. गव्हाची मागणी जात आणि किलो लिहून रविवारपर्यंत मला वेगळी पाठवावी. ती कृपया या ग्रुपवर टाकू नये.