सूर्यास्तासाठी काला पत्थर की गोक्यो री? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये बाबांसोबत (वय ६१) नेपाळच्या खुंबू भागात (एव्हरेस्टचा परिसर) जातोय. लुकला (जिथून ट्रेक सुरू होतो ते विमानतळाचं गाव) ते लुकला जेमतेम दोन आठवडे हाताशी आहेत. बाबांनी संदकफू (३,६३६ मी.) काही त्रास न होता केलंय, डॉक्टरांची तपासणीही झालीय. काला पत्थर आणि गोक्यो री ही दोन शिखरं ज्या खोऱ्यांत आहेत त्यांना जोडणारी चो ला खिंड (५,४२० मी.) त्यांच्यासाठी नको हे नक्की, त्यामुळे एकच खोरं निवडायचंय.

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, म्हणून तिथे जायचा हट्ट नाही. मावळतीला सोनेरी होणारा एव्हरेस्ट बाबांना डोळे भरून पाहायचाय. वाटेत तेंगबोचे मठातला मणि रिम्दू उत्सव मिळाला तर दुधात साखर.

उंचीची सवय व्हावी म्हणून वाटेतल्या नामचे गावात जास्तीचा मुक्काम धरलाय, गाईडही ठरलाय. तो काला पत्थर सुचवतो. पण तिथून पायथ्याच्या गोरक्षेप मुक्कामाला अंधारात, बोचऱ्या वाऱ्यात उतरायचं याची मला खरंच काळजी वाटते. गोक्यो रीवरून (५,३५७ मी.) एव्हरेस्ट लांब, मात्र चो ओयू, मकालू आणि खाली तळंही दिसतं.

दोन्हीकडे सूर्यास्त पाहिलेल्यांनी सांगा: साठीतल्या माणसाला हेडलॅम्पच्या उजेडात कुठली उतरण सोपी जाईल? आणि गोक्यो रीवरून एव्हरेस्टवरचं शेवटचं ऊन मनासारखं दिसतं का?