जुन्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर बसवला, पण चार्जिंग होत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो काढून आतच रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असलेला अल्टरनेटर बसवलाय. डायनॅमोचा जुना कटआउट (डायनॅमो-बॅटरी जोडणारा-तोडणारा रिले) पूर्ण बाजूला केला. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आहे, ते आधीच दोनदा तपासलं. बी प्लसची (अल्टरनेटरच्या मुख्य आउटपुटची) जाड वायर ॲमीटरमधून बॅटरीला आणि डी प्लसची (दिव्याच्या टर्मिनलची) बारीक वायर चार्जिंगच्या दिव्यातून किल्लीला, अशी जोडणी आहे.

इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट. चालू केल्यावर १४ च्या आसपास यायला हवेत, पण रेस वाढवली तरी काटा १२.४ वरच. बी प्लसवरही तेवढेच. पट्टा घट्ट आहे.

खरी गोम दिव्यात दिसते. किल्ली फिरवल्यावर तो लागतच नाही. डी प्लसची वायर काढून बॉडीला टेकवली की मात्र लख्ख पेटतो. म्हणजे बल्ब आणि वायर ठीक, दोष आत असावा. माझा संशय कार्बन ब्रशवर आहे. ब्रश झिजलेत की रेग्युलेटर गेलाय, हे कसं ओळखायचं? ब्रश ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंगांमध्ये मल्टिमीटरने किती ओहम दिसायला हवेत?

एकाने चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायला सांगितलं. ते मी करणार नाही, डायोड उडतात.

आणखी एक: ॲमीटर ३० अँपिअरचा, अल्टरनेटर त्याहून मोठा. ॲमीटर वगळून थेट वायर टाकू का? याच ट्रॅक्टरवर मी चालवायला शिकलो, घाईत काही जाळायचं नाही.