मदत हवी आहे: ट्राय (ट्रायथलॉनच्या) बाईकचे रिम ब्रेक काढून डिस्क बसवता येतील का?

पळता_पाय
नमस्कार मंडळी. काल पसरणी घाट उतरताना पाऊस लागला. लिव्हर पार आत दाबले तरी बाईक थांबेना, दोन वळणं जीव मुठीत धरून काढली. गोव्याची ७०.३ (हाफ आयर्नमन: पोहणं, सायकल, पळणं) तोंडावर आली आहे. सध्या रिम ब्रेक आहेत, पॅड चाकाच्या कडेवर दाबणारे. आहे त्याच बाईकला डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारे) बसवायचे आहेत. पुण्यात कोण करून देतं आणि खर्च किती? प्लीज लवकर सांगा.

घाटवाट
बाईक कुठल्या सालची? रिम अ‍ॅल्युमिनियमच्या की कार्बनच्या? पॅड कुठले?

पळता_पाय
ट्राय बाईक आहे, एरोबारवाली (पुढे वाकून कोपरं टेकवायचे दांडे). २०१५ ची. डिस्क बसतील की नाही एवढंच हवंय.

सोलापुरी_अण्णा
डिस्कवाली नवीनच घ्या. मी गेल्या वर्षी घेतली, पावसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत पॅड धरतच नाही. रोटर, म्हणजे डिस्कची चकती, रस्त्यापासून वर असतो, तिथे पाणी कमी. सर्व्हेलो कंपनीची ट्राय बाईक पी५एक्स २०१६ मध्येच फक्त डिस्कमध्ये आली होती. यूसीआयनेही (सायकलिंगची जागतिक संघटना) रोड रेससाठी डिस्कला २०१८ मध्ये परवानगी दिली. रिमचे दिवस संपले.

तीनखेळ्या
अण्णा, संपले कसे? माझी रिमवालीच आहे आणि विकायचा विचार नाही. विमानाने न्यायची तर अर्ध्या तासात खोलून बॅगेत. डिस्कला पॅडच्या मध्ये स्पेसर (पॅड चिकटू नयेत म्हणून तुकडा) घाला, रोटर काढा, उतरल्यावर घासतोय म्हणून कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सरळ करत बसा. शिवाय डिस्कवाली जडच असते.

सोलापुरी_अण्णा
थोड्याफार ग्रॅमने सायकलच्या ९० किमीमध्ये काय फरक पडतो? वळणाआधी उशिरा ब्रेक मारता येतो, वेळ तिथे वाचतो.

स्पॅनर
मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही बसणार. रिम ब्रेकचा जोर फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा चिमटा) वरच्या टोकाला येतो, डिस्कचा खाली, एकाच पात्यावर. तुमचा फोर्क त्यासाठी बनवलेलाच नाही. मागे चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) कॅलिपर लावायला जागा नाही. तुमच्याकडे चाक क्विक रिलीजने (खटका ओढून सुटणारं) बसतं, मागच्या हबची रुंदी १३० मिमी. डिस्कला १२ मिमी थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाणारा आस), मागे १४२. म्हणजे फ्रेम, फोर्क, चाकं, कॅलिपर, बेसबारचे (एरोबारखालचं आडवं हँडल) लिव्हर सगळं बदलायचं. कोणी अ‍ॅडॉप्टर लावून देतो म्हणाला तर बाईक त्याच्या हातात देऊ नका. घाटात फोर्क तुटला तर पुढे बोलायला उरणार नाही.
पण घाटवाट यांनी विचारलेलं सांगा. अडचण तिथेच असावी असं वाटतंय.

पळता_पाय
चाकं कार्बन, रिम ६० मिमी उंच, सेकंडहँड, याच महिन्यात घेतली. दुकानात बसवून घेतली. पॅड आधीच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांवरचेच आहेत.

घाटवाट
म्हणूनच विचारत होतो! ते पॅड आजच काढा. कार्बनचे पॅड वेगळे येतात. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे कण रुतलेले असतात, ते कार्बन रिम खरवडतात. चुकीच्या पॅडने रिम जास्त तापते. क्लिंचर (कडेत टायर अडकवायची रिम) असेल तर घाटात सतत ब्रेक धरल्यावर कार्बनमधली राळ मऊ होऊन रिमची कड फुगते.

स्पॅनर
+१. आत लेटेक्स ट्यूब असेल तर तीही काढा, उष्णतेने फुटते. पॅड बदलताना रिमची रुंदी बघा. जुन्या अरुंद रिमवर केलेली सेटिंग रुंद रिमला चालत नाही. मागचा ब्रेक बीबीखाली (पेडलच्या अ‍ॅक्सलखाली) आहे का? तिथे चिखल साचतो आणि केबलची वळणं जास्त, म्हणून तो ढिला लागतो. केबल आणि तिचं बाहेरचं आवरण नवीन टाका. उतारावर सतत ओढून धरू नका, वळणाआधी जोरात दाबा आणि सोडा.

तीनखेळ्या
आणि घाटात हात एरोबारवर नकोत. लिव्हर बेसबारला असतात, तिथे हात जाईपर्यंत केवढं अंतर कापलं जातं.

रोजचा_रस्ता
मी रोज ऑफिसला हायब्रिडने जातो. मेकॅनिकल डिस्क आहे, केबलवाली, तेल भरायची कटकट नाही. तीच घ्या.

सोलापुरी_अण्णा
हायब्रिडवर ७०.३ करायला सांगताय? हायड्रॉलिकच (तेलाच्या दाबावर चालणारे) घ्या. फक्त ब्रेकमधलं तेल कुणाचं मिनरल ऑइल आणि कुणाचं डॉट हे नीट बघा, एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील खराब होतात.

मीठपाणी
गोव्यात ब्रेकपेक्षा उकाड्याची तयारी करा. दमट हवेत शेवटचे २१ किमी पळणं अवघड जातं. मीठ किती घेताय?

पळता_पाय
मीठ घेतोय. पॅड काढून बघितले, चंदेरी ठिपके स्पष्ट दिसतात. रिमवर बारीक चरे आहेत, पण नखाला लागत नाहीत. हो, मागचा बीबीखालीच आहे. कार्बनचे पॅड आणि केबल मागवल्या. या चाकांवर गोवा केलं तर चालेल ना?

स्पॅनर
कड फुगलेली नाही ना, हे बोट फिरवून दोन्ही बाजूंनी तपासा. नसेल तर चालेल. नाहीतर जुनी अ‍ॅल्युमिनियमची चाकं लावा. पण पॅड पुन्हा बदलायचे, लक्षात ठेवा. नवे पॅड लावल्यावर आधी सपाट रस्त्यावर बरेच ब्रेक मारून घ्या, मगच घाट.

तीनखेळ्या
शर्यतीनंतर अण्णांचं ऐकून फ्रेम विकणार असाल तर मला आधी सांगा. साइझ ५४ आहे का?