रात्री जेट्टीवरून जिवंत आमिष लावतो, आमिष तासाभरात मरतं आणि मासा लागला तरी सुटतो

नवखा_गळवाला
नमस्कार मंडळी, गेले चार महिने रात्रीचा जेट्टीवर जातोय, समुद्राचं खारं पाणी, जेट्टी पाण्यापासून बरीच उंच, वर दिवे आहेत. आधी मेलेली कोळंबी लावायचो, तेव्हा फक्त बारीक मासे कुरतडून जायचे म्हणून आता जिवंत बोय (खाडीत मिळणारा छोटा मासा) आणि जिवंत कोळंबी लावायला सुरुवात केली. अडचणी तीन आहेत. एक, बादलीत एअर पंप लावूनही तासाभरात अर्धं आमिष उलटं तरंगायला लागतं. दोन, रॉडचं टोक चांगलं वाकतं, मी झटका देतो आणि गळ रिकामा वर येतो, हे तर प्रत्येक रात्री. आणि तीन, जे दोन मोठे लागले ते सरळ जेट्टीच्या खांबात घुसले आणि दोरी कापली गेली. सर्कल हूक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरतोय, शिसं (दोरीला लावायचं वजन) जड लावतो कारण पाण्याला ओढ असते. नक्की कुठे चुकतंय? मनापासून शिकायचंय, कोणी सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

भरतीचा_माणूस
आधी आमिषाचं बोलू कारण सगळं तिथूनच सुरू होतं, अर्धमेली बोय लावायची असेल तर मेलेली कोळंबीच लावलेली बरी. पंप असून मरतात याचं कारण बहुतेक वेळा गर्दी आणि गरम पाणी. पाणी जितकं गरम तितकी त्यात हवा कमी विरघळते, आणि खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा अजून कमी. वर माशांची घाण साचून अमोनिया होतो तो वेगळाच, तो पंपाने जात नाही, पाणी बदलूनच जातो. मी 20 लिटरच्या बादलीत बोटभर लांबीच्या 8-10 बोयांच्या वर ठेवतच नाही आणि दर अर्ध्या तासाने एक तृतीयांश पाणी काढून समुद्राचं ताजं भरतो. एकदम सगळं बदलू नका, धक्क्याने पण मरतात. बर्फ टाकायचाच असेल तर बंद बाटलीत भरून टाका, सुटा टाकला तर पाण्याचा खारेपणा उतरतो. नळाचं पाणी तर अजिबात नको, त्यात क्लोरीन असतं. आणि हो, बोय खाडीच्या मचूळ पाण्यातून पकडून आणत असाल तर त्याच पाण्यात आणा आणि समुद्राचं पाणी हळूहळू मिसळत जा.

हाताने धरायचं तर हात आधी ओला करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बोय गळाला लावायच्या आधीच निम्मी संपलेली असते. बारीक जाळीचा झेला ठेवलात तर सगळ्यात उत्तम.

काळोखातली_कड
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. मी गळाला कसं लावायचं आणि टाकायचं कुठे ते सांगते, कारण मी स्वतः दोन वर्षं उजेडाच्या मधोमध टाकत होते आणि काही मिळत नव्हतं.

दिव्याखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे कोळंबी आणि छोटे मासे, आणि मोठा शिकारी मासा उजेडात येत नाही, तो उजेड संपतो त्या कडेला सावलीत प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे आमिष त्याच्या पुढून वाहत आलं पाहिजे, उजेडातून काळोखात. जड शिसं लावून एका जागी खिळवलंत तर जिवंत आमिषाचा उपयोगच काय? ओढ कमी असेल तेव्हा शिसं काढूनच टाका, ओढ असेल तर दोरीवर मागेपुढे सरकणारं, जमेल तितकं हलकं शिसं, त्याखाली स्विव्हल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी) आणि दोन-तीन फूट लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड दोरीचा तुकडा.

प्रवाहात धरून ठेवायची असेल तर बोय ओठातून ओवा म्हणजे तोंडातून पाणी जात राहतं, मोकळी सोडायची असेल तर पाठीच्या पंखाजवळ वरच्यावर, कण्याला टोक लागू देऊ नका. कोळंबीच्या डोक्यात काळसर ठिपका दिसतो तो सोडून त्याच्या पुढे, शिंगाच्या खालून गळ घाला, ठिपक्याला लागलं की लगेच मरते.

आणि झटका. सर्कल हूकला झटका द्यायचाच नाही!! त्याचं टोक आत वळलेलं असतं, मासा आमिष घेऊन वळून निघाला की दोरी ताणली जाते, गळ सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येतो आणि तिथे फिरून बसतो. तुम्ही झटका दिलात की तो तोंडातून सरळ बाहेर. रॉडचं टोक वाकलं की मनात तीन मोजा, रॉड तसाच धरा आणि फक्त रील फिरवत राहा. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, मला तर रॉड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावा लागायचा. गळ आमिषाच्या मानाने लहान असेल तरी हेच होतं, टोक मांसात बुडालेलं राहतं, म्हणून टोक मोकळं दिसलं पाहिजे.

खांब_आणि_कालवं
खांबाचं मी सांगतो, मी तिथे खूप मासे घालवलेत. खांबांवर कालवं बसलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, ताणलेली दोरी नुसती घासली तरी संपली. तुम्ही बहुतेक प्रवाह ज्या बाजूने जेट्टीखाली शिरतो त्या बाजूला उभे राहताय, मग आमिष पण खाली जातं आणि मासा पण. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पाणी जिथून बाहेर निघतं तिथे उभे राहा, दोरी आपोआप जेट्टीपासून लांब जाते. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा आणि पहिल्या काही सेकंदांत माशाचं तोंड खांबाकडे वळूच देऊ नका, एकदा बाहेरच्या पाण्यात आला की मग निवांत खेळवा. लीडर जाड लावा. आणि उंच जेट्टीवर मोठा मासा दोरीने उचलू नका, दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडून त्यात घ्या.

काळोखातली_कड
एक दुरुस्ती सुचवते, मोठे मासे पुष्कळदा प्रवाह शिरतो त्याच बाजूच्या सावलीत असतात, त्यामुळे ती बाजू कायमची सोडू नका. पण आत्ता मासे खांबात जात असतील तर खांब_आणि_कालवं म्हणतात तेच करा, हात बसल्यावर इकडे या.

नवखा_गळवाला
खूप खूप आभार सगळ्यांचे. मी खरंच पाणी शिरतं त्याच बाजूला उभा राहत होतो आणि बादलीत 25-30 बोया कोंबत होतो, वाईट वाटतंय आता. अजून एक, वेळ कोणती धरू? मी रात्री 10 ला जातो आणि 1 ला परत, रोज तेच.

भरतीचा_माणूस
घड्याळ नको, पाणी बघा. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एकच वेळ धरलीत तर काही रात्री तुम्ही नेमके थांबलेल्या पाण्यावर बसलेले असता. पाणी चालू हवं. भरती लागल्यावरचे किंवा ओहोटी सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास मला सगळ्यात आवडतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की हलकं शिसं टिकत नाही, नवीन माणसाने भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी ओढीच्या दिवसांत शिकावं.

हेडलॅम्प पाण्यावर मारू नका, गाठ बांधताना जेट्टीकडे तोंड करून लावा. शिंगाळा किंवा पाकट (दोघांनाही विषारी काटा असतो) लागली तर हाताने गळ काढायला जाऊ नका, लांब पक्कड वापरा, नाहीतर दोरी कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 डिग्रीच्या वर नाही, हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. लाइफ जॅकेट घाला, एकटे जाऊ नका, वीज चमकायला लागली की रॉड गुंडाळून लगेच निघा.

नवखा_गळवाला
शनिवारी भरती 11:20 ला लागतेय. 8 बोया, हलकं शिसं, दुसरी बाजू, झटका नाही. भाऊ सोबत येतोय. इथेच येऊन सांगतो काय झालं ते.